परतीच्या पावसाला आयर्विन पूल हवा

ऑगस्टात सांगलीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पुराची पातळी तिथे मोजतात. उत्तर फुटांत येतं आणि ते ऐकून माणूस कामाला लागतो. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. शिवाय सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या भागांतल्या प्रत्येक घराला स्वतःचा फूट माहीत असतो. माझी थोरली नणंद कर्नाळ रोडला राहते. कितव्या फुटाला गल्लीच्या तोंडाशी पाणी आणि कितव्याला उंबऱ्याशी, हे तिला तोंडपाठ आहे. पहिला आकडा आला की ती गहू-तांदळाचे डबे माळ्यावर चढवते. दुसरा आला की गॅसची टाकी बंद करून, दार ओढून घेऊन आमच्याकडे येते. 2019 च्या महापुरात 1929 साली बांधलेल्या त्या पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा पुष्कळांचे हिशेब बुडाले. तरी लोकांनी फूट विचारायचं सोडलं नाही. निर्णय घेता येईल असा दुसरा आकडा त्यांच्याकडे नाही.

मी राहते दंडोबाच्या डोंगराच्या पूर्वेला, कवठेमहांकाळ तालुक्यात. आमच्याकडे पूर येत नाही. पूर्वी तर पाणीच नव्हतं, आता म्हैसाळ योजनेचं येतं आणि त्यावर बागा उभ्या आहेत. आमचं संकट ऑक्टोबरात येतं. हस्त, चित्रा, स्वाती ही तीन नक्षत्रं, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ, द्राक्षवाला जीव मुठीत धरून काढतो. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती" असं जुनी माणसं म्हणायची. जोंधळ्यासाठी ते खरं होतं. द्राक्ष आलं आणि त्याच पावसाची भीती वाटू लागली.

या परतीच्या पावसाला आयर्विन पूल नाही. ज्या आकड्यावरून माणूस आपला निर्णय घेईल असा आकडा त्याच्या हाती पडत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्याभोवतीच आहे.

दोन वर्षांपूर्वीची एक रात्र सांगते. छाटणीनंतरचा एकेचाळिसावा दिवस, बाग ऐन फुलोऱ्यात. या दिवसांत घडाला हात लावायचा म्हटलं तरी आम्ही श्वास रोखून लावतो. मोबाईलवर संदेश आला होता की जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, पिवळा इशारा. रात्रीचे अकरा वाजलेले. दिरांनी ट्रॅक्टरला ब्लोअर, म्हणजे वाऱ्याच्या झोताने फवारणारं यंत्र, जोडून औषधाची टाकी भरून ठेवलेली. ते बांधावर उभे राहून म्हणाले, "वहिनी, मारायचं का ठेवायचं?" डोक्यावर चांदण्या, पण जतच्या बाजूला वीज लवत होती. मी म्हटलं, "आभाळ तर उघडं आहे." ते म्हणाले, "उघडं हाय, पर वारा पडलाय. मला न्हाई बरं वाटत."

हा पेच ज्याने बाग केली नाही त्याला समजावून सांगावा लागतो. दावण्या हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग. त्याचं औषध पानावर वाळायला वेळ लागतो. मारलं आणि तासाभरात पाऊस आला तर औषध मातीत आणि पैसेही मातीत. मारलं नाही आणि पाऊस येऊन रात्रभर पान ओलं राहिलं, तर बुरशीला हवी तशी मोकळीक मिळते. चार-सहा दिवसांत पानामागे पांढरा थर दिसतो. फुलोऱ्यातल्या घडावर दावण्या चढला की तो घड हातात चुरगळतो. वर्षाचं उत्पन्न त्या आठ-दहा दिवसांत ठरतं.

आम्ही मारलं. रात्री तीन वाजता काम संपलं. पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशी तोच संदेश, तोच पिवळा रंग. आदल्या रात्रीचं औषध झालंय म्हणून आम्ही निवांत होतो. दुपारी चार वाजता दंडोबाच्या अंगाने एक ढग उठला आणि चाळीस मिनिटांत आमच्या पर्जन्यमापकात 22 मिलिमीटर पाणी जमा झालं. आदल्या रात्रीचं औषध धुऊन गेलं. डोंगराच्या पलीकडे माझ्या बहिणीच्या बागेत धूळसुद्धा बसली नव्हती. ढग सरल्यावर दिरांनी औषधाविना नुसता ब्लोअर फिरवला, वाऱ्याने घडातलं पाणी झडावं म्हणून. तो जाऊ शकला नाही त्या ओळींत आम्ही दोघी जावा कंदील आणि मोबाईलची बॅटरी घेऊन वेलीच्या तारा हलवत राहिलो. ओढ्याकडच्या सखल भागातल्या ओळी गेल्याच.

मी औषधाची वही ठेवते. निर्यातीच्या द्राक्षाला फवारणीची नोंद लागतेच, म्हणून सवय लागली. तारीख, छाटणीनंतरचा दिवस, औषध, प्रमाण असे रकाने असतात. त्या रात्रीनंतर मी दोन रकाने वाढवले: 'अंदाज काय होता' आणि 'आपल्याकडे किती पडला'. त्या वहीवरून मला जे कळलं ते कुणा अधिकाऱ्याला शिव्या देण्याजोगं नाही. कळलं ते असं की त्या दोन्ही दिवशी अंदाज चुकलाच नव्हता. जिल्ह्यात कुठे तरी, तुरळक ठिकाणी, पाऊस झालाच होता. पहिल्या रात्री जतकडे, दुसऱ्या दिवशी आमच्याकडे. शिराळ्यापासून जतपर्यंतच्या जिल्ह्यासाठी एकच वाक्य सांगितलं की ते बहुतेक दिवशी खरंच ठरणार. पण ते चुकूच शकत नसेल तर त्यावरून ब्लोअर चालू करावा की बंद ठेवावा हे कसं ठरवायचं?

त्या वाक्यातले शब्द नेमके आहेत, पण त्यांचा अर्थ आम्हाला कुणी सांगितलेला नाही. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर 25 टक्के केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के. म्हणजे या शब्दांतच शक्यतेचा अंदाज दडलेला आहे. तुरळक म्हटलं की आपल्या शिवारात न पडण्याची बाजू जड. 'हलका' पाऊस 2.5 मिलिमीटरपासून 15.5 पर्यंत, 'मध्यम' 15.6 पासून 64.4 पर्यंत. त्यापुढे 'मुसळधार' सुरू होतो आणि तो आणखी वाढला की नारिंगी-लाल रंगाची वेळ येते. आता बघा, आमच्या फुलोऱ्याचं सगळं मरण-तगणं या 'हलका ते मध्यम' नावाच्या एकाच पिशवीत आहे. 3 मिलिमीटर पडून वारा सुटला तर बाग वाचते. 30 पडून पहाटेपर्यंत पान ओलं राहिलं तर जाते. सरकारदरबारी महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी धरतात. द्राक्षाला तिथवर पोहोचायची गरजच पडत नाही.

हा अडाणीपणा यंत्राचा नाही, हे मुद्दाम सांगते. आपल्या देशाची अंदाजाची यंत्रणा फार मोठी झाली आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'अर्का' नावाचा महासंगणक 2024 पासून चालतो. 2025 च्या मे महिन्यात याच संस्थेने उभं केलेलं 6 किलोमीटरच्या चौकटीचं 'भारत फोरकास्ट सिस्टीम' देशाला मिळालं, आधी चौकट 12 किलोमीटरची होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट 2018 ची. तेव्हापासून एकाच दिवसाचा अंदाज एकदाच न काढता, सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून 21 वेळा काढला जातो. 21 पैकी 18 वेळा पाऊस पडला तर शक्यता मोठी, 5 वेळा पडला तर थोडी. विज्ञानाकडचं सगळ्यात मोलाचं ज्ञान हेच आहे: किती खात्री आहे याचं ज्ञान. ते पुण्यात आणि दिल्लीत तयार होतं. आमच्या बांधापर्यंत येईतो त्याचा एक पिवळा ठिपका उरतो.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला देशाच्या नकाशाकडे बघावं लागतं. आपल्याकडे हवामान खातं जन्मालाच आलं शरदातल्या संकटातून. ऑक्टोबर 1864 मध्ये कलकत्त्यावर भयानक चक्रीवादळ आदळलं, नंतर 1866 आणि 1871 ला पावसाने दगा दिला, आणि 1875 साली खात्याची स्थापना झाली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं ऑक्टोबर-नोव्हेंबरने पूर्व किनाऱ्याला सोडलं नाही. नोव्हेंबर 1977 मध्ये आंध्रात दिवीसीमेला समुद्राच्या लाटेने हजारो माणसं नेली. 29 ऑक्टोबर 1999 ला ओडिशात सुमारे 10 हजार गेली. मग 2013 चा ऑक्टोबर आला. 'फायलिन' वादळ गोपाळपूरजवळ आदळलं. ताकदीने ते 1999 च्या वादळाला जवळचंच होतं, पण आधी लाखो लोक हलवले गेले होते आणि बळी गेले ते काही डझन.

या यशाकडे लोक फक्त उपग्रहाचं यश म्हणून बघतात. उपग्रहाचा वाटा मोठा आहेच, वादळाच्या मार्गाच्या अंदाजातली चूक गेल्या दीड-दोन दशकांत जवळपास निम्म्यावर आली आहे. पण ओडिशात काम केलं ते अंदाजाच्या भाषेने आणि त्या भाषेला जोडलेल्या व्यवस्थेने. वादळ अमुक संध्याकाळी, अमुक गावांच्या मधून, इतक्या वेगाने, समुद्राची लाट इतकी उंच. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की माझं घर त्यात आहे की नाही, मी कधी निघायचं आणि कुठल्या निवारा-इमारतीत जायचं. 1999 नंतर बांधलेल्या त्या इमारतींचं कुलूप कुणी उघडायचं तेही ठरलेलं असतं. तिथे फूट, पूल आणि उंबरा एकमेकांशी जोडलेले आहेत.

मोठ्या, एकसंध, समुद्रातून येणाऱ्या संकटासाठी जे साधलं ते आमच्याकडच्या लहान, विखुरलेल्या, संध्याकाळी चारला उठून पाचला संपणाऱ्या संकटासाठी साधलेलं नाही. देश 36 हवामान उपविभागांत वाटलेला आहे. आम्ही 'मध्य महाराष्ट्र'. त्यात नंदुरबारही आहे आणि जतही. महाबळेश्वर, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तेही आहे आणि माण-आटपाडीचा दुष्काळी पट्टाही. एकाच साताऱ्यात एका टोकाला स्ट्रॉबेरीची नुकतीच लावलेली रोपं पाण्यात कुजतात आणि दुसऱ्या टोकाला म्हसवडचा शेतकरी ज्वारीच्या पेरणीसाठी त्याच पावसाची वाट बघत असतो. दोघांना एकच रंग दाखवून चालत नाही. एकाला जो धोका तो दुसऱ्याला दिलासा.

शिवाय आमच्या ऑक्टोबरात दोन वेगळे पाऊस येतात आणि दोघांना एकाच नावाने हाका मारल्या जातात. एक घरचा. मोसमी वारे मागे सरकू लागतात, राजस्थानातून ते 17 सप्टेंबरच्या सुमारास निघतात आणि 15 ऑक्टोबरपर्यंत देश सोडतात असा आता धरलेला क्रम आहे. त्या मधल्या दिवसांत ऊन तापतं, जमीन ओली असते, वारा पडतो आणि दुपारनंतर जागच्या जागी ढग उभे राहतात. या पावसाचं तीन दिवस आधी गाव सांगणं आजच्या विज्ञानाला शक्य नाही, आणि तसं कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. दुसरा पाऊस पाहुणा. तो बंगालच्या उपसागरातून येतो. 2020 चा आठवा. कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन 13 ऑक्टोबरच्या सकाळी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला, हैदराबाद बुडवलं, तेलंगण-कर्नाटक ओलांडून 14 तारखेला सोलापूर-सांगली-पुण्यावर आला. पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. शेवटी तो अरबी समुद्रात उतरला. असा पाऊस दोन-तीन दिवस आधी दिसतो. त्या तीन दिवसांत काढलेलं सोयाबीन झाकता येतं, बागेत चर मारून पाणी काढायची सोय करता येते, छाटणी चार दिवस पुढे ढकलता येते. पहिल्या पावसासाठी तीन तासांचा इशारा लागतो, दुसऱ्यासाठी तीन दिवसांचा. दोन्हींना तोच पिवळा ठिपका मिळाला की माणूस दोन्हींकडे बघायचं सोडून देतो.

तीन तासांच्या इशाऱ्याला रडार लागतं. रडारची किरणशलाका सरळ जाते आणि पृथ्वी तिच्याखालून वळत जाते. अडीचशे किलोमीटरवर पोहोचेपर्यंत सगळ्यात खालची शलाकासुद्धा सहाएक किलोमीटर उंचीवर गेलेली असते, म्हणजे ढगाचं पोट तिला दिसत नाही. मध्ये सह्याद्री उभा असला तर आणखीच अडचण. म्हणून मुंबईच्या रडारकडून सांगलीच्या ढगाची खात्रीची माहिती मागणं अन्यायाचं आहे. मांढरदेवीच्या डोंगरावर संशोधनासाठी बसवलेलं रडार आणि महाबळेश्वरची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा, या दोन्ही गोष्टी साताऱ्याच्या मातीत आहेत. पण संशोधन वेगळं आणि बांधावरच्या माणसाला रोज संध्याकाळी उपयोगी पडणारी सेवा वेगळी. केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये 'मिशन मौसम'साठी 2000 कोटी रुपये मंजूर केले, त्यात रडार वाढवणं हा मोठा भाग आहे. सांगली-सोलापूर-विजयपूर हा द्राक्ष आणि डाळिंबाचा पट्टा त्या यादीत वर असावा, असा आग्रह इथल्या लोकप्रतिनिधींनी धरायला हवा. रस्त्यासाठी धरतात तसाच.

आता जमिनीवरचं. 'महावेध'खाली राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी आहेत. दर काही मिनिटांनी पाऊस, वारा, आर्द्रता मोजतात. हे देशात सगळ्यांकडे नाही. पण ही केंद्रं आमच्या डोक्यात बसली आहेत ती विम्याची आणि पंचनाम्याची केंद्रं म्हणून. पाऊस पडून नुकसान झाल्यावर आम्ही त्यांच्याकडे बघतो. ती चालू क्षणाला काय सांगताहेत हे प्रत्येकाच्या मोबाईलवर सहज दिसलं, तर दंडोबाच्या पलीकडच्या मंडळात 20 मिलिमीटर पडला हे मला अर्धा तास आधी कळेल. अर्ध्या तासात ब्लोअर थांबवता येतो. बेदाण्याच्या शेडवर कागद ओढता येतो.

केंद्राने 24 ऑक्टोबर 2024 ला ग्रामपंचायत पातळीवरचा पाच दिवसांचा अंदाज सुरू केला. पाऊल योग्य दिशेने आहे आणि मी रोज तो बघते. पण त्याच वर्षी देशभरातली 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद करायचा निर्णय झाला. त्या केंद्रांत बसलेला माणूस अंदाज घेऊन पिकाच्या भाषेत बोलायचा: फुलोऱ्यातल्या बागेने आज हे करावं, सोयाबीन काढलेल्याने ते. एका हाताने गावाच्या नावाचा आकडा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने तो समजावणारा माणूस काढून घ्यायचा, हे मला पटत नाही. कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. बुरशी मंगळवार-शुक्रवार पाळत नाही.

यावर अधिकारी आणि पुष्कळदा शिकलेले शेतकरीही एक गोष्ट सांगतात: "टक्केवारी लोकांना कळणार नाही. साठ टक्के म्हटलं आणि पडला नाही तर लोक अंगावर येतील." 2017 साली बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती, त्याचा दाखला असतो. भीती खोटी नाही. पण ते शेतकरी का चिडले होते? पाऊस येणार असं त्यांना सांगितलं गेलं होतं. किती खात्रीने, ते सांगितलं नव्हतं. त्यांनी सोळा आणे धरलं आणि बियाणं मातीत घातलं.

मी मुद्दाम 'सोळा आणे' म्हणते. ज्या मुलखात पीक बघून नजर-आणेवारी लावायची रीत पिढ्यान् पिढ्या आहे आणि पैसेवारी 50 च्या खाली की वर यावर अख्खा तालुका भांडतो, त्या मुलखाला शक्यता कळत नाही असं म्हणणं म्हणजे त्याला ओळखलंच नाही. "पाऊस बारा आणे येणार" असं सांगा. दिरांना ते एका क्षणात कळेल. चार आणे असेल तर आम्ही फुलोऱ्याच्या बागेत औषध मारू आणि काडीवर आलेल्या बागेत थांबू. बारा आणे असेल तर दोन्हीकडे वेगळं करू. निर्णय आमचा असेल, आणि चार आण्यांचा पाऊस आला म्हणून आम्ही कुणाला दोष देणार नाही. चार आणे म्हणजे चारांतून एकदा येणारच, हे आम्हाला कळतं.

एका अटीवर. हिशेब उघडा ठेवा. मागच्या ऑक्टोबरात किती वेळा बारा आणे सांगितलं, त्यांतल्या किती वेळा पडला? हे तालुक्यानुसार दर महिन्याला छापा. अंदाजाची पडताळणी खात्यात होते, शास्त्रज्ञ ती काटेकोर करतात. ती आमच्यापर्यंत येत नाही. आणि ती येत नाही म्हणूनच मोबाईलवर रोज सकाळी गावांची नावं घेत, तारखा सांगत, ठाम आवाजात बोलणाऱ्या स्वयंघोषित अभ्यासकांना लाखो ऐकणारे मिळतात. त्या लोकांच्या मागे जाणारे माझे भाऊबंद मूर्ख नाहीत. त्यांना कुणी तरी त्यांच्या गावाचं नाव घेऊन बोलतंय एवढंच हवं असतं. त्या आवाजाला उत्तर द्यायचं तर तसंच गावाचं नाव घेऊन, पण खरी खात्री किती ते सांगून आणि मागचा हिशेब दाखवून द्यावं लागेल.

द्राक्षाबद्दल फार बोलले. आमच्यापेक्षा उघड्यावरचा माणूस दुसराच आहे. ऑक्टोबर सरता सरता बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या आजूबाजूच्या काळ्या रानात चटया आणि कागदाच्या खोपी उभ्या राहतात. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या जवळच्याच तळावर स्वातीचा पाऊस आला. सकाळी मी भाकरी घेऊन गेले. खोपीत घोट्याएवढं पाणी, चूल बुडालेली, आणि एक बाई बाजेवर तीन पोरं आणि पिठाचा डबा घेऊन बसलेली. मोबाईल तिच्याकडे होता. संदेशही आला होता, मराठीतच. ती म्हणाली, "ताई, आला ना मेसेज. पण जायचं कुठं?" देशात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यांतली बहुतेक रानातली, झाडाखाली थांबलेली किंवा उघड्यावर काम करणारी. 'दामिनी' हे ॲप वीज जवळ आली की सांगतं. पण तिला ज्या पक्क्या छताखाली जायचं आहे ती शाळा तळापासून अर्ध्या किलोमीटरवर होती आणि तिला कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापकांकडे, ते तालुक्याच्या गावी राहायचे.

तिला टक्के नकोत की आणे. तिच्यासाठी आकडा एकच: वीज इतक्या मैलांवर आली की शाळेचं कुलूप उघडायचं. कुणी उघडायचं त्याचं नाव आणि नंबर आधी ठरलेला हवा. गळीत हंगाम सुरू करताना कारखान्यांना अनेक अटी असतात, त्यांत ही एक अट जिल्हाधिकारी घालू शकतात. त्याला महासंगणक लागत नाही.

आमच्या गावापुरतं मी ग्रामसभेत मांडलं आहे. चावडीसमोर एक फळा. त्यावर रोज संध्याकाळी सहा वाजता उद्याच्या पावसाची आणेवारी, शेजारी कालचा अंदाज आणि काल आपल्या गावात पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये. खाली शाळेची किल्ली कुणाकडे, त्याचा नंबर. पर्जन्यमापक आमच्या बागेतला वापरा म्हटलं, आणि वहीतले दोन वर्षांचे आकडे उतरवून देते म्हणाले. सरपंचबाई म्हणाल्या, "आणे लिहायचं काम कोण करणार? चुकलं तर?" मी म्हटलं, चुकलेलंही तिथेच लिहायचं, पुसायचं नाही. काही जण हसले, काही जणांनी माना डोलावल्या. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या द्राक्षवाल्याने विचारलं, "पोरी, मिलिमीटर कितीचा झाला की औषध धुतं ते बी लिहिणार का खाली?" ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता तो रकानाही फळ्यावर असेल, पिकाप्रमाणे.

ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. 27 सप्टेंबरच्या सुमारास हस्त लागतो. त्याच्या आत फळा लागायला हवा.